‘वही बंद करू नका’ असं सांगणाऱ्या रंगांच्या कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्वस्त ॲक्रिलिक रंगांच्या मोठ्या बाटल्यांतला गुपचूप बदललेला माल आणि त्याबद्दल विचारल्यावर हेल्पलाइनवर मिळालेली वागणूक.

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवलाय. डोकं तापलेलं आहे तोवर लिहून टाकते. उद्या लिहायला बसले तर भाषा सभ्य होईल आणि सभ्य भाषेतल्या तक्रारींचं तुमच्याकडे काय होतं ते मी पाहिलंय.

जुळे सोलापुरात मी घरीच आर्ट जर्नलचा, म्हणजे वहीच्या पानांवर रंग, चित्रं, कात्रणं आणि मजकूर मांडायचा, वर्ग घेते. शाळकरी मुली आहेत, काही गृहिणी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. पानाची बॅकग्राउंड करायला आम्ही तुमचा स्वस्तातला क्राफ्ट ॲक्रिलिक वापरतो, मोठ्या बाटलीतला. परवडतो म्हणून वापरतो हे खरं, पण तेवढंच कारण नाही. या कामाला तोच लागतो, म्हणून वापरतो. त्यात रंगद्रव्य कमी आणि खडूसारखी भर जास्त, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच तो मॅट वाळतो. पानाला किंचित खरखर येते, त्यावर पेन्सिल धरते, जेल पेन चालतं, कात्रण चिकटवलं तर बसतं. पिवळ्याचे दोन हात द्यावे लागायचे, लाल वाळल्यावर एक छटा उतरायचा. आम्ही कधी कुरकुर केली नाही. जुनं एटीएम कार्ड घ्यायचं, पानावर रंगाचा थेंब टाकायचा आणि एका दमात खरडत न्यायचा. निळा सरताना मध्येमध्ये कागदाचा पांढरा दिसत राहतो, त्यातच मजा असते. हे काम महागड्या ट्यूबनं करायचं म्हणजे अंगणात केशराचा सडा घालण्यासारखं आहे.

तर हा रंग तुम्ही बदललात. कधी बदललात ते तुम्हालाच ठाऊक. बाटली तीच, लेबल तेच, झाकण तेच, किंमतही तीच. आतला माल वेगळा.

नव्या लॉटमधला रंग वाळल्यावर चमकतो. पेन्सिल घसरते. जेल पेनची शाई वर थेंब धरून बसते आणि बोट लागलं की पुसली जाते. तेही चालवून घेतलं असतं. पण वही मिटली की समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटतात, आणि अशी चिकटतात की उघडताना रंगासकट कागदाचा पापुद्रा निघून येतो. जर्नल म्हणजे वही हो. ती मिटायचीच असते.

माझ्या कपाटात जुन्या लॉटची अर्धी बाटली शिल्लक होती. एकाच कागदाच्या एका अर्ध्यावर जुना पिवळा लावला, दुसऱ्या अर्ध्यावर नवा. जाडी तीच, ब्रश तोच. चांगला वाळू दिला, कागद मधोमध आडवा दुमडला, म्हणजे जुन्यावर जुना आणि नव्यावर नवा आला, वर जाड शब्दकोश ठेवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी जुन्या रंगाची बाजू आवाज न करता उघडली. नव्याची चर्र करत सुटली आणि मधे पांढरा फाटका कागद दिसायला लागला. फोटो जोडले आहेत. व्हिडिओही आहे, आवाज मोठा करून ऐका.

ॲक्रिलिक वाळतं ते पाणी उडून जाऊन, आणि मागे जो पडदा उरतो तो शेवटी प्लास्टिकचाच. उष्णतेनं मऊ पडणारा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. अशा हवेत मऊ बाइंडरचा, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, चमकदार पडदा दुसऱ्या तशाच पडद्यावर दाबून ठेवला तर काय होणार, हे तुमच्या कारखान्यातल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जुन्या मालात खडू भरपूर होता, म्हणून पृष्ठभाग कोरडा राहायचा. तुम्ही बाइंडर बदललात की भर कमी केलीत, मला माहीत नाही. पण काहीतरी केलंत, आणि लेबलवर त्याचा एक शब्द नाही. चांगल्या रंगांच्या ट्यूबवर निदान रंगद्रव्याचा क्रमांक तरी असतो. पांढऱ्यावर पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीनवर पीबी २९. तुमच्या बाटलीवर ‘पिवळा’ एवढंच. तो पिवळा आहे हे मला बाहेरूनही दिसतं.

आता तो फोन. आधीच्या फोनांबद्दल लिहीत नाही, त्यात नुसतं संगीत होतं.

पलीकडच्या ताईंनी हिंदीत सुरुवात केली. मराठीत बोला म्हटल्यावर थोडा वेळ शांतता, मग मराठी. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे मी बोलले आणि त्या गप्प होत्या. मग पहिला प्रश्न, ‘मॅडम, आपण रंग पूर्ण वाळू दिला होता का?’ अहो, उन्हाळ्यातल्या सोलापुरात. इथे वाळत घातलेली जाड चादर मी आंघोळ करून येईपर्यंत कडक होते. तरीही शांतपणे सांगितलं, की हो, हाताला कोरडा लागला म्हणजे आतून पक्का झाला असं नसतं हे मला माहीत आहे, म्हणून कित्येक दिवस पानं उघडी ठेवली, पातळ हात दिले, टाल्कम पावडरही फिरवून पाहिली.

‘बरं. मग आपण हा रंग कशावर वापरता?’

‘आर्ट जर्नलच्या बॅकग्राउंडला.’

‘म्हणजे वहीवर?’

‘वहीच म्हणा.’

टाइप केल्याचा आवाज. मग अगदी मदत करण्याच्या सुरात, ‘मॅडम, मग आपण वही बंद करू नका ना.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ‘वही ओपन ठेवली तर पेजेस चिकटणार नाहीत, मॅडम.’ खरं आहे. जेवलंच नाही तर अपचनही होत नाही.

मी म्हटलं, माझ्या वर्गात इतक्या वह्या आहेत, त्या सगळ्या उघड्या ठेवायला मी काय हॉल भाड्यानं घेऊ? त्यावर उत्तर, ‘आपला एरिया थोडा हॉट आहे ना, मॅडम, तर आपण एसीमध्ये ठेवू शकता.’ स्वस्तातला रंग घेणाऱ्या बाईनं त्या रंगासाठी एसी घ्यायचा. मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितलं. वरिष्ठ आले. त्यांनी काहीही न ऐकता सुरुवात केली, ‘मॅडम, या प्राइसमध्ये हेच मिळणार. आणि शेवटी बॅकग्राउंडच तर आहे. त्याच्यावर दुसरं काहीतरी येणारच ना? कोण बघतंय?’

कोण बघतंय ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आजोबांवर दोन पानं केली होती. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांच्या जुन्या पगाराच्या पावतीची झेरॉक्स तिनं उजव्या पानावर चिकटवली, चहाच्या पाण्यानं कडा तपकिरी केल्या, डाव्या पानावर तुमचा पिवळा लावला. मधे बटर पेपर होता. तो वाकडा सरकला, तेवढ्यात काम झालं. वही उघडली तेव्हा आजोबांचं नाव डाव्या पानावरच्या पिवळ्यात उलटं चिकटलेलं होतं. झेरॉक्स दुसरी काढता येईल, मला माहीत आहे. तिनं ती दोन पानं कित्येक दिवस बसून केली होती, ती मी कुठून काढू?

आणि वरिष्ठ म्हणतात बॅकग्राउंडच तर आहे. या गावात असं म्हणून बघा. इथे विणकामात आणि रंगकामात पिढ्या गेल्यात. चादरीचा रंग गेला तर गिऱ्हाईक चादर घेऊन दुकानात येतं, आणि दुकानदार त्याला ‘धुवू नका’ म्हणत नाही.

शेवटी वरिष्ठांनी मोठं मन करून तुमच्या महागड्या रेंजवर दहा टक्क्यांचं कूपन देतो म्हणून सांगितलं. म्हणजे स्वस्त माल बिघडवायचा आणि त्याच बिघाडाच्या जोरावर महाग माल विकायचा. हे धोरण कुणी ठरवून केलं असेल तर त्यांचं अभिनंदन. आपोआप झालं असेल तर जास्तच काळजी वाटते. फोन ठेवतेय तोवर मोबाइलवर मेसेज: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ आणि खाली पाच तारे. म्हणजे वही तेवढी बंद करायची नाही.

स्वस्त रंग वाईट असतो अशी माझी तक्रारच नाही, हे पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे दोनदा सांगूनही ते कुणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. स्वस्त रंग मी समजून-उमजून घेत होते. तो काय करतो आणि काय करत नाही हे मला पाठ होतं. तुम्ही लेबल तेच ठेवून माल बदललात, आणि विचारल्यावर ‘या किमतीत हेच’ म्हणालात. याच किमतीत काल दुसरं मिळत होतं. तेच तर मी विचारतेय.

सरळ मागण्या लिहिते. नव्या लॉटमध्ये काय बदललंय ते लेखी कळवा. माझ्याकडच्या न उघडलेल्या बाटल्या परत घ्या आणि उघडलेल्यांसकट सगळ्यांचे पैसे परत करा. कूपन नको, बदलीचा मालही नको, कारण तो याच लॉटमधला असणार. आणि बाटलीवर एक ओळ छापा की हा रंग वही, डायरी किंवा मिटल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूसाठी नाही. मग मी घेणार नाही, प्रश्नच मिटला.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, आणि मग सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला तुमच्या शहरात यायची गरज नाही. तुम्हालाच इथे यावं लागेल. वकीलही लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. मी फक्त ती वही आयोगासमोर ठेवणार आणि तुमच्या प्रतिनिधीला म्हणणार, उघडा. तारीख शक्यतो मे महिन्यातली मागून घेईन.

शहरातल्या बाकीच्या कलाशिक्षकांना मी अजून काही बोललेले नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं तयार करणारे सगळे एकमेकांना ओळखतात. रंग कुठला घ्यायचा हे पालक आम्हालाच विचारतात, आणि इतकी वर्षं मी तुमचं नाव सांगत आले. जाहिरात न करता. त्याचं मला आज खरंच वाईट वाटतंय.

एक ग्राहक,
जुळे सोलापूर
(नाव, पत्ता, लॉट क्रमांक, बिलांच्या प्रती आणि फोटो सोबत जोडले आहेत.)

ता. क. तुमचं कूपन उघडून पाहिलं. ते फक्त तुमच्या शोरूममध्ये चालतं, आणि तुमची शोरूम सोलापुरात नाही. जवळची पुण्यात आहे असं त्यावर लिहिलंय. जाण्यायेण्याच्या गाडीखर्चावर किती टक्के मिळतात तेही कळवा.