वायर आरशावर लटकवा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं आत झोपलायत आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हालाच पत्र लिहितेय. तोंडानं सांगायला गेलं की बाबा "माहितीये गं" म्हणतात आणि आई डोळे पुसते, म्हणून कागद. पहाटे पाचला मी निघेन. उत्तरेकडच्या फोर्ट मॅकमरीचं काम घेतलंय हे बुधवारी बोललेच. चौदा दिवस तिकडे, सात दिवस इथं एडमंटनला घरी. घराचा हप्ता आहेच, पण आम्ही आलो म्हणून खर्च वाढला, असं जे आईनं मनात धरलंय ते काढून टाक गं. तुम्ही नसतात तरी मी गेलेच असते. (हे वाक्य लिहिल्यावर वाईट दिसतंय. तुम्ही आहात म्हणून घराला कुलूप घालून जावं लागत नाही, असं वाच.)

ज्वारीचं पीठ वरच्या कप्प्यात आहे, तीन आठवडे पुरेल. बीपीच्या गोळ्या वारांच्या डबीत भरल्यात, निळं झाकण सकाळचं. रात्री पाय गार पडले तर थर्मोस्टॅट खुशाल वाढवा. मेथी मिल वुड्समधल्या दुकानात मिळते, आणि तिथंच तर बाबा गाडी घेऊन जाणार, म्हणून आता गाडीचं.

बाबा, सांगलीत थंडीच्या सकाळी तुम्ही चेतक आडवी करून मग किक मारायचात आणि मी दप्तर घेऊन शेजारी उभी राहून किका मोजायचे. सातव्याला सुरू झाली की शाळेला वेळेत. इथं कॅनडात गाडीला आडवं करायचं नसतं, वायर लावायची असते. पुढच्या जाळीतून जो प्लग लोंबतो तो ब्लॉक हीटर. आत बसल्यावर पायांवर गरम हवा सोडतो तो हीटर वेगळा. हा इंजिनातलं कूलंट आधीच तापवून ठेवतो. उणे तीसला ऑइल थंडीतल्या काकवीसारखं होतं, त्यात बॅटरीही अर्धमेली, मग स्टार्टर नुसता कण्हतो. तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थानं असला हीटर पहिल्यांदा तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीचं एलिमेंट जोडून बनवला होता. 1949 मध्ये पेटंट. तुमच्याच जातकुळीतला माणूस.

पारा उणे 15 च्या खाली जाणार असेल तर रात्रीच प्लग लावून ठेवा. टायमर पहाटे चारला लावलाय, आठपर्यंत इंजिन तयार. आपला हीटर 400 वॅटचा आहे, चार तासांत दीड युनिटच्या आसपास जातं. तेवढं वाचवायला जाऊ नका. रात्रभर चालू ठेवून मात्र जास्त काही मिळत नाही. जाड केशरी वायरच वापरा. तळघरातली पांढरी दोन पिनांची घरातल्या दिव्यासाठी आहे, ती थंडीत कडक होऊन तडकते. टायमरनं वीज सोडली की बॉनेटजवळ कान नेऊन ऐका, चहाचं पाणी सणसणतं तसा बारीक आवाज आला पाहिजे. 13 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी विजेची टंचाई झाली म्हणून आपल्या अल्बर्टा प्रांतात सगळ्यांच्या फोनवर सूचना आली होती, त्यात हे हीटर लावणं लांबवा असंही होतं. तशी आली तर ऐका, आणि सरळ घरी बसा. मेथी पळून जात नाही.

गॅरेज रिकामं करून गाडी आत घ्यायचा तुमचा बेत मला ठाऊक आहे. घ्या, पण आत इंजिन चालू ठेवून गरम करत बसायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि गॅरेजला लागून आईचं देवघर आहे. बाहेर उभी असेल तर आधी मागच्या धुराड्यावरचा बर्फ काढा.

आता त्या मंगळवारचं. कचऱ्याचा डबा नवीन आणलाय, शेजाऱ्यांना मी काही बोललेले नाही, आणि चूक तुमची नव्हती. म्हणजे थोडी होती. पस्तीस वर्षं डाव्या पायानं क्लच दाबलाय, तो पाय गडबडीत क्लच शोधणारच, आणि या ऑटोमॅटिक गाडीत क्लच नाहीच. त्यात गार इंजिन सुरू झालं की आपोआप जोरात फिरतं, म्हणून डी (पुढे जायचा गिअर) टाकल्या टाकल्या गाडी हिसका देऊन पुढे गेली. तुम्ही घाबरून दोन्ही पाय दाबले, आणि जाड बुटाखाली एक्सिलरेटर आला. उन्हाळ्यात रोड टेस्ट पहिल्या फटक्यात पास झालात तेव्हा हा प्रकार नव्हता. हीटर लावलेला असला की इंजिन लवकर शांत होतं, हा त्याचा दुसरा फायदा.

तर डावा पाय मागे, सीटला टेकवून. तळव्याचा बर्फ झटकून आत बसा, नाहीतर ब्रेकवरून बूट घसरतो. ब्रेक दाबून सुरू करा, आरपीएमचा काटा एक हजारच्या आसपास खाली येऊ द्या, मगच डी. आर (मागे जायचा) मधून डी ला जाताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. चाक बर्फात फिरत राहिलं तर डी-आर, डी-आर करत गिअरबॉक्स जाळू नका, मांजराची वाळू डिकीत आहे ती पकड मिळायला चाकापुढे टाका. उतरताना पी (पार्क) टाकलंय ना ते डोळ्यांनी बघा. मिल वुड्सच्या सपाट पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, ओला असला तर गोठून बसतो. उतारावर मात्र आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय किंचित सैल सोडा, मग पी. नाहीतर सगळा भार गिअरबॉक्सच्या आतल्या एवढ्याशा खिट्टीवर येतो.

निघण्याआधी वायर काढून गुंडाळायची हेही विसरायला होतं. मीसुद्धा पहिल्या वर्षी ती रस्त्याच्या टोकापर्यंत ओढत नेली होती. म्हणून वायर लावतानाच तिचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावर टाका. समोर दिसली की आठवेल.

रागावू नका हं बाबा. किल्ली काढून घेऊन जायचं काल रात्री मनात आलं होतं. ती खुंटीवरच ठेवलीय.

तुमची,
मनी

ता. क. आई, तू शेजारी बसशील तेव्हा "ब्रेक, ब्रेक" ओरडू नकोस. दुकानात पोहोचलात की दोन रिंग देऊन ठेव, बाबा बँकेतून द्यायचे तशा. मला कामात उचलता आला नाही तरी कळेल.