मेटल डिटेक्टरला 'हो' म्हणा किंवा 'नाही', पण लेखी म्हणा

मा. जिल्हाधिकारी महोदय, नाशिक यांस,
सप्रेम नमस्कार.

सरकारी मोकळ्या जागेत मेटल डिटेक्टर फिरवायला परवानगी कोणाची घ्यायची, एवढं विचारायला मी बरीच कार्यालयं हिंडलो. मैदान महापालिकेचं, गायरान ग्रामपंचायतीकडे, धरणाकाठची जमीन जलसंपदाची. प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं. एका टेबलावर हसून विचारलं, "गुप्तधन काढायचंय का?" गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो हवाच. पण कुणाची हरवलेली अंगठी शोधणाऱ्याला त्यांच्या पंगतीला का बसवता?

पत्र तुम्हालाच, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्याने पुरलेल्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांनाच द्यायची असते. किंमत दहा रुपयांच्या वर गेली की झालं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. (दहा रुपयांत हल्ली चहाही जेमतेम येतो.) सापडल्यावर काय करायचं ते कायद्यात आहे. शोधण्याआधी करायचा अर्ज मात्र मला कुठल्याच टेबलावर मिळाला नाही.

सरसकट मोकळीक मी मागत नाही. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. त्याने क्षहरातांचा निर्वंश केला असं पांडवलेण्यातला त्याच्या आईचा, बलश्रीचा, लेख सांगतो. ही नाणी त्या लेखाला साक्षीदार मिळाली. तीच चार-दोन करत सराफाच्या मुशीत गेली असती, तर नऊ हजारांचा हिशेब कोण मांडणार होतं?

म्हणून नाशिकच्या जुन्या गढीवर यंत्र नकोच. तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी थर मोजून उत्खनन केलं. हौशी माणसाने खुरपं घालायची ती जागा नव्हे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर आणि त्यापुढचे २०० मीटरही वगळा. देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजकडे तर कुणी फिरकूच नये. तिथे यंत्र वाजलं तर खाली तोफगोळा असायचा.

उरतात ती अलीकडच्या भरावाची मैदानं, जत्रा-लग्नांच्या जागा. तिथे वीतभर खोलीपर्यंत, दिवसाउजेडी, खड्डा बुजवायच्या अटीवर परवानगी द्या. जुनं काही दिसलं तर हात न लावता तहसीलदारांना कळवायचं, हेही त्यात घाला. नाणी ओळखायला अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था जवळच आहे. तिचा सल्ला घेता येईल.

जागा कोणत्याही खात्याची असो, तहसील कार्यालयात एकच एकपानी अर्ज ठेवा आणि तो किती दिवसांत निकाली निघेल तेही त्यावर छापा. परवानगी द्यायचीच नसेल तर तसं परिपत्रक काढा. मी यंत्र माळ्यावर टाकीन.

आपला,
नाशिकचा एक छंदिष्ट