आधी स्वतःचा मळा

खडकी, पुणे

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुण संघासाठी पाठ मागितलेस, ते पाठवतोच. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस, "शिकवतोय खूप, पण आतून कोरडा पडलोय." मला आधी त्यावरच बोलायचंय. पाठ आठवडाभर थांबले तरी चालतील, हे थांबवून चालायचं नाही.

तरुण तीमथ्य इफिस शहरात मंडळी सांभाळत होता तेव्हा प्रेषित पौलाने त्याला लिहिलं की आपणाकडे आणि आपल्या शिक्षणाकडे नीट लक्ष ठेव. तीमथ्याला पहिलं पत्र, चौथा अध्याय, सोळावं वचन. आधी 'आपणाकडे', मग 'शिक्षणाकडे'. आपल्याकडे तरुणांत काम करणाऱ्याला हा क्रम कोणी सांगतच नाही. गिटार येते, बोलायला चुणचुणीत आहे, एवढं दिसलं की मंडळी त्याच्या हाती तरुण संघ देऊन मोकळी होते. तो प्रार्थना करतो का, झोपतो किती, घरी बायकोशी धड बोलतो का, हे विचारणारं कोणी नसतं.

तू रोज बायबल वाचतोस हे मला माहीत आहे. पण शनिवारच्या पाठासाठी वाचलं की नजर वचनात पोरांनाच शोधत राहते: हे त्या कॉलेजच्या मुलीला लागू पडेल, हे त्या सारखं मोबाईलमध्ये असणाऱ्याला. आपल्याला काय लागलं ते राहूनच जातं. बायबलमधल्या गीतरत्न पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती मुलगी म्हणते ना, मला इतरांच्या द्राक्षमळ्यांची राखण करायला लावलं आणि माझा स्वतःचा मळा मात्र राखायचा राहिला. तरुणांमध्ये राबणाऱ्या कित्येकांचं हेच होतं. म्हणून एक कर. तुला शिकवायचं नाही असं बायबलमधलं एखादं पुस्तक निवड, यिर्मया घे, आणि रोज थोडं मोठ्याने वाच. टिपणं काढू नकोस. त्यातलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नकोस. ते तुझं आणि प्रभूचं राहू दे.

विश्रांतीचंही तसंच. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. तू आठवडाभर नोकरी करतोस, शनिवारी संघ, रविवारी शब्बाथ शाळा आणि उपासना, आणि सोमवारी पहाटे परत हिंजवडीची बस. यात खरा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, कुठे आहे? एक संध्याकाळ कोणासाठीही नाही असं ठरव आणि पाळक साहेबांना तसं स्पष्ट सांग. रात्री एक वाजता येणाऱ्या प्रत्येक मेसेजला तूच उत्तर द्यायचं, हेही सोड. मोशेला त्याचा सासरा इथ्रो म्हणाला होता की असं करशील तर तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. तुझ्या संघात विशीतली दोन-तीन समंजस मुलं आहेत. त्यांना लहानांची जबाबदारी दे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी तू कोण म्हणून विचारलं, तेव्हा त्याने आधी एवढंच कबूल केलं की मी ख्रिस्त नाही. आपणही हे रोज म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

पण जीव द्यावासा वाटतो असं कोणी लिहिलं, तर ते सकाळवर टाकायचं नाही. त्याच्या घरच्यांना कळव, डॉक्टरकडे ने, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर संघातल्या सगळ्यांकडे असू दे. "जास्त प्रार्थना कर" एवढंच सांगून त्याला परत पाठवू नकोस. आणि अठराच्या आतल्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं, तर "कोणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नकोस. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा माणूस मंडळीतला कितीही मोठा असो. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवरही कळवता येतं. लहान मुलांशी बंद दाराआड एकट्याने बसायचं नाही, हा नियम स्वतःलाही लाव.

आता शिकवण्याबद्दल. इथे आमच्या संघात नगर-जालन्याकडून आलेली पोरं बरीच आहेत. कोणी इंजिनिअरिंगला, कोणी सदाशिव पेठेत कॉट घेऊन एमपीएससीची तयारी करणारं. त्यांच्या कानावर उपदेश भरपूर पडलेत. विचारत मात्र त्यांना कोणी काही नाही. नियमशास्त्राचा पंडित आला तेव्हा प्रभूने उलट त्यालाच विचारलं, नियमशास्त्रात काय लिहिलंय, तू काय वाचतोस? मी हल्ली तेवढंच करतो. एकच शास्त्रपाठ, दोनदा मोठ्याने वाचायचा, मग विचारायचं, "काय लिहिलंय?" आणि गप्प बसायचं. ती शांतता जड जाते, पण मध्येच तोंड उघडू नकोस.

मागे एकदा आम्ही अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घेतलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. पूर्वपरीक्षेत पुन्हा अडकलेला एक मुलगा बराच वेळ पानाकडे बघत होता. मग म्हणाला, "दादा, असं बोललेलं देवाला चालतं?" कोणीतरी लगेच धीर द्यायला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढायला लागलं, त्याला मी हाताने थांबवलं. म्हटलं, चालतं, म्हणून तर ते पवित्र शास्त्रात आहे. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा सगळ्यांसमोर प्रार्थना केली. पाठ केलेली नव्हती, अडखळत अडखळत, जे होतं ते बोलला. माझा तयार पाठ तसाच वहीत राहिला, आणि बरं झालं.

भाषेचंही बघ. गाणी हिंदी-इंग्रजी असू देत, त्याला माझी ना नाही. पण रडू येतं ते घरच्या भाषेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि ओवीत गायला, कारण ते इथल्या माणसाच्या कानात आधीच होतं. पंडिता रमाबाईंनी तर साध्या बाईलाही कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या, तोवर ते काम चालू होतं. छपाईही त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केली. एखाद्या शनिवारी पोरांना दौंडच्या गाडीने केडगावला ने. मी आमच्यांना नेलं होतं. एरवी मोबाईलमधून मान वर न काढणाऱ्या मुली परतीच्या गाडीत रमाबाईंबद्दल एकमेकींना विचारत होत्या.

आकड्यांचं टेन्शन घेऊ नकोस. पाच आले तर पाचांना नीट शिकव. प्रभूच्याही मागून पुष्कळ शिष्य परत फिरले होते, योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ते लपवलेलं नाही.

एक काम मात्र आधी कर. मंडळीतलं वयाने मोठं, तोंड बंद ठेवणारं एक माणूस शोध, महिन्यातून एकदा त्याच्याकडे चहाला जा आणि तो तुझ्या प्रार्थनेबद्दल, पैशांबद्दल, फोनबद्दल जे विचारेल त्याचं खरं उत्तर दे. कोणाकडे जाणार ते मला कळव. पाठ त्यानंतर पाठवतो, मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करू.

वहिनींना सलाम, लेकरांना पापा.

तुझाच,
खडकीचा मित्र