सईची आयव्हीआयजी लावण्याआधी

फिलाडेल्फिया

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

सईचे रिपोर्ट वाचले. पाठीतल्या पाण्यात एनएमडीए अँटीबॉडी (मेंदूतल्या पेशींवर उलटलेली शरीराचीच संरक्षक प्रथिनं) सापडल्या, म्हणजे एनएमडीए एन्सेफलायटिस, मेंदूला सूज आणणारा आजार, हे निदान पक्कं. नुसतं रक्त तपासलं असतं तर कदाचित निसटलं असतं. एमआरआय स्वच्छ आला म्हणून बुचकळ्यात पडू नका. यात तो बऱ्याचदा स्वच्छच येतो. हा आजार २००७ साली इथल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. दालमाऊंनी उलगडला. त्याआधी अशा कित्येक मुलींना वेड लागलं असंच समजत. अंडाशयात गाठ आहे का, हे मात्र पाहूनच घ्या. असेल तर ती काढावीच लागते.

वहिनी, लकव्याचं विचारलंत. या अँटीबॉडी रक्तवाहिनी बंद करत नाहीत, त्यामुळे थेट भीती कमी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाच सूज आली किंवा ल्युपससारख्या आजारात रक्त गोठवणाऱ्या अँटीबॉडी असल्या, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना तशी शंका असेल तर त्या तपासणीचं रक्त हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, शिरेतून देतात ते औषध) यांच्या आधी घ्यायला हवं. पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी पुन्हा.

सईच्या बाबतीत जपायचं ते आयव्हीआयजीलाच. एकूण मात्रा किलोमागे २ ग्रॅम, ५ दिवसांत वाटून. ५० किलोला रोज २० ग्रॅम. ५ ग्रॅमच्या बाटल्या मिळाल्या तर रोज ४. मेडिकलमधून आणताना बर्फाला चिकटवू नका, गोठली की वाया. या औषधाने रक्त घट्ट होतं, गुठळी होऊ शकते. म्हणून सुरुवात अगदी सावकाश, अंगात पाणी भरपूर. "लवकर संपवा" असा लकडा नर्सच्या मागे लावू नका. सई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. नंतर डोकं दुखतं, ते बहुधा उतरतं. पण एका पायाला सूज, धाप किंवा डोकेदुखी वाढत चालली तर लगेच कळवा.

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली असं अचानक झालं तर "आजारातलंच असेल" म्हणून थांबायचं नाही. फिटनंतरही थोडा वेळ हात लुळा पडतो, पण ते घरी ठरवू नका. शेवटची बरी कधी दिसली ती वेळ लिहा आणि रात्रंदिवस सीटी स्कॅन होतो तिथेच न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तोंडाने पाणी नाही, आपल्या मनाने ॲस्पिरिन तर मुळीच नाही. आत रक्तस्राव असला तर घात होईल.

सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवा. आईला सा. न.

तुमचा,
बाळू