बुरशी दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, शंकाच आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी १०० एमएमची जुनी मॅक्रो, म्हणजे इवल्याशा गोष्टी जवळून टिपायची, लेन्स रुमालात गुंडाळून तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले होते. तुम्ही ती टॉर्चसमोर तिरपी धरलीत आणि म्हणालात, "ये, बघ." काचेच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी. आदल्या पावसाळ्यात आंबोलीहून आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात कोंबली होती मी. "ही नुसती बसत नाही, कोटिंग खाते," तुम्ही म्हणालात. "पुसली तरी डाग राहणार."

मग मी ऐटीत यादी काढली. नवी कॅमेरा बॉडी आणि लांबचं टिपणारी १५०-६०० एमएमची झूम लेन्स.

"काढायचंय काय?"

"बेडूक."

तुम्ही हसला नाहीत, याचेच खरं तर आधी आभार मानायला हवेत. एवढंच विचारलंत की त्या झूमला जवळचं टिपता येत नाही, मग अंगठ्याएवढा बेडूक दोन-अडीच मीटर मागे सरकून कसा टिपणार? वर अशा बहुतेक झूमची नळी बाहेर येताना दमट हवा ओढून घेते आणि भिजून आत जाताना ओल सोबत नेते, हेही सांगितलंत.

'वेदर सील्ड' म्हणजे वॉटरप्रूफ, असंच मी धरून चालले होते. तुम्ही काउंटरवरची एक लेन्स उलटी केलीत आणि माउंटभोवतीची, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या टोकाभोवतीची, काळी रबरी कडी नखाने उचलून दाखवलीत. सुतळीपेक्षाही बारीक. माझ्या लेन्सला ती नव्हतीच. बॉडी कितीही सीलबंद असो, पाण्याला तिथूनच वाट. आयपी ५३ हा धूळ-पाणी रोखण्याच्या मानांकनाचा आकडाही तुम्हीच फोडून सांगितलात: ५ धुळीचा, ३ पाण्याचा, आणि तो ३ फक्त शिंतोड्यांपुरता. बऱ्याच कंपन्या तर आकडा देतच नाहीत. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे शिंतोड्यांचा हिशोब कुठे पुरणार!

शेवटी तुम्ही मला रबरी कडीवाली सेकंडहँड मॅक्रो घ्यायला लावलीत, बॉडी जुनीच ठेवायला सांगितलीत आणि म्हणालात, "उरलेल्या पैशातून छत्री घे. लांब दांड्याची."

जूनच्या पहिल्या पावसात आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पालथी पडले होते. छत्रीचा दांडा मान आणि खांद्यात अडकवलेला, कोपराखाली खरखरीत जांभा, आणि समोरच्या वीतभर डबक्यात आंबोली टोड या बेडकाचा नर. जगात जवळपास याच भागापुरता उरलेला जीव. कुशीवर वाघासारखे पट्टे, गळा फुगवून ओरडत होता. छत्रीवर पाऊस ताशासारखा वाजत होता, कॅमेऱ्यावर मात्र चार थेंब. घाट चढताना गाडीचा एसी बंद ठेवायची तुमची सूचनाही पाळली होती, म्हणून काचेवर वाफ धरली नाही. सोबतचा मित्र एसीतून थेट उतरला आणि पहिला अर्धा तास नुसता काच पुसत बसला.

एक मात्र तुमचं ऐकलं नाही. लेन्सपुढे काचेचा फिल्टर लावायला सांगितलं होतंत. रात्री टॉर्चच्या उजेडात फिल्टरवर भुतासारखी प्रतिबिंबं येतात, म्हणून काढून टाकला. लेन्सच्या तोंडाभोवतीचं नुसतं हूड पुरलं. रागावू नका.

आता घरी आल्यावर आधी कॅमेरा, मग मी. लेन्स कोरडी करून हवाबंद डब्यात जाते, सोबत आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर परतते, त्या तव्यावर पोळी मात्र कधीच नाही. पूर्वी तांदळात कॅमेरा पुरायचे, हे तुम्हाला त्या दिवशी सांगायचं धाडस झालं नव्हतं.

त्या दुपारी तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत आणि हजारोंची खरेदी टाळलीत. सोबत त्या टोडचा फोटो पाठवते आहे. तुमच्या काउंटरमागच्या भिंतीला ओल आहे हे पाहिलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलाय.

तुमची,
बेडूकवाली