ग्रहाची बातमी छापता, यंत्राची का नाही?

महोदय,

के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा मिळाल्याच्या बातम्या एप्रिल २०२५ पासून अधूनमधून झळकतात. सोबत ग्रहाचे काल्पनिक रंगीत चित्र असतेच. ज्या यंत्राने हे मोजले, त्याचे मात्र नावही नसते.

ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्याच्या वातावरणातून गाळून येतो. कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती घटला, त्यावरून वायू ओळखतात. ही घट दहा हजारांत एखाद्या भागाएवढी! वेब या अवकाश दुर्बिणीवरचे ‘मिरी’ हे यंत्र अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, किरण मोजते. ते उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत गार ठेवावे लागते, कारण उबदार यंत्र स्वतःच तसले किरण सोडते. त्या जीवसृष्टीच्या दाव्याची खात्री ‘तीन सिग्मा’ होती, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. इतर गटांनी तीच मोजमापे तपासून शंकाही काढल्या. हे बातमीत असते, तर आमच्या कट्ट्यावर परग्रहवासीयांवरून एवढी हातघाई झाली नसती.

माझी हयात वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये (साचे, हत्यारे घडवणाऱ्या विभागात) गेली, त्यामुळे मला या यंत्रांचे मशीनिंगच जास्त खुणावते. ॲल्युमिनियमचा मीटरभर लांब जॉब, म्हणजे घडवलेला भाग, द्रव नायट्रोजनच्या थंडीत सुमारे ४ मिलिमीटर आखडतो. आमच्याकडे वीस मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा) फरक आला तरी जॉब रिजेक्ट! काच तेवढी आखडत नाही, म्हणजे यंत्रातल्या भिंगाभोवतीची ॲल्युमिनियमची कडी घट्ट बसवली तर गार होताना तीच भिंगाला आवळणार. म्हणून भिंग स्प्रिंगच्या दाबाने धरतात आणि गार झाल्यावर हवे ते माप आधी ठरवून, त्या हिशेबाने मशीनवरचे माप काढतात. ड्रॉइंगवरचा तो हिशेब चुकला, तर पुढचे सगळे शास्त्र वाया.

असे काम परदेशातच होते असेही नाही. नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचा ‘टॅनस्पेक’ हा अवरक्त वर्णपटमापक (उजेड तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारे यंत्र) उभारण्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, पुढे बस, की पोहोचलो! पण रबाळे-महापेच्या कारखान्यांत व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापकाम यंत्रावर) उभ्या राहणाऱ्या आयटीआयच्या पोरांना असेही काम असते, हे सांगणार कोण?

आपल्या विज्ञान पुरवणीने एखादा वार्ताहर टाटा संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पाठवावा. शास्त्रज्ञांना भेटाच, पण फिटर आणि मशिनिस्ट यांच्याशीही बोला. आणि छायाचित्र यंत्राचेच छापा.

– एक निवृत्त टूलरूम कारागीर, ठाणे (प.)