सिनेटमधला साठ मतांचा बांध

अमेरिकी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, लांबलेली चर्चा थांबवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मते लागतात, म्हणून विरोधकांशी बोलावेच लागते. हा बांध २०१३ मध्ये डेमोक्रॅट्सनी बहुतेक नेमणुकांपुरता फोडला, म्हणजे तिथे साधे बहुमत पुरेसे केले. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठीही तेच केले. त्याआधी २०१६ मध्ये निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन सिनेटमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅक्कॉनेल यांनी याच न्यायालयासाठी ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीही होऊ दिली नाही. २०२० मध्ये मात्र निवडणुकीला आठ दिवस उरले असताना रिपब्लिकनांनी ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी बॅरेट यांची त्याच न्यायालयावरची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी उरकली. कायदा कुठेच मोडला नाही, मोडला तो संकेत. साध्या बहुमताने होणारी अर्थसंकल्पाशी निगडित काही विधेयके असे अपवाद सोडल्यास विधेयकांसाठी साठची अट अजून आहे. तिला तरी कुणी हात लावू नये.

– एक वाचक, सातारा